नंदी, कूलर आणि कापसाचा ढीग : हिंगणघाटकडच्या एका बैठकीचं प्रकरण

घर वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातल्या एका गावातलं. मातीचा जुना वाडा पाडून त्याच जागेवर स्लॅबचं घर उभं राहिलेलं. काळी कोरडवाहू जमीन. कापूस, तूर, थोडा चणा. घरात आजी, तिचा मुलगा (यांना मी भाऊ म्हणते), वहिनी आणि लग्नाची मुलगी. भाऊंचा मोठा मुलगा पुण्यात नोकरीला. मुलीचं जमलं होतं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जानेवारीत घरीच करायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी बैठक, म्हणजे समोरची खोली, "पाहुण्यांसमोर नीट दिसावी" एवढंच काम मला सांगितलं गेलं. हाताशी चाळीस हजार रुपये.

भाऊंची तक्रार मात्र जरा वेगळी होती. "मॅडम, पैसे लागले ते लागले, पन या बैठकीत बसावंच वाटत नाई. आमी सगळे सपरीतच बसतो."

माझ्या मते ती तक्रारच खरी. घर नवं, रंग महागाचा, सोफा नवा, तरी माणसं ओसरीवर बसतात. आमच्याकडच्या कितीतरी नव्या घरांत हे दिसतं. बैठक पाहुण्यांसाठी बंद, आणि पाहुणेही तिथून लवकर उठतात.

बैठक बारा बाय सोळाची, उंची दहा फूट. मुख्य दार पूर्वेला. समोर पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी. दक्षिणेच्या भिंतीत आत जायचं दार, आणि तिच्या पश्चिम टोकाला देवघराचं लहान दार. उत्तरेची भिंत सलग, तिच्यावर टीव्ही.

आता त्यात काय काय होतं ते पाहा. उत्तरेची भिंत मरून, तीही खरबरीत टेक्स्चरची. उरलेल्या तीन क्रीम. छताला पीओपी, त्यात निळी एलईडीची पट्टी. सोफा मरून-सोनेरी फुलांचा, पडद्यांवर हिरवी पानं. टीव्हीच्या खालचं युनिट लाल-काळ्या सनमायक्याचं. शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुलं आणि मुलाच्या शाळेतल्या ढाली. भिंतीवर गजानन महाराज, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, चंदनाचा हार घातलेला आजोबांचा फोटो, एक धबधब्याचं पोस्टर. फरशी दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, फिक्या पिवळट रंगावर तपकिरी शिरा. त्या शिराही एक नक्षीच असतात, पण पडदे निवडताना त्यांची आठवण कुणालाच येत नाही.

यातली प्रत्येक वस्तू दुकानात एकटी छान दिसत असणार, इथे मात्र सगळ्या मिळून एकाच वेळी बोलत होत्या. मुलाने पुण्याहून फोटो पाठवले होते: अमुक रंगाची एक भिंत करा, तमुक झुंबर लावा. फोटो वाईट नव्हते, पण ते ज्या घरांचे होते तिथे दिवाणखान्यात कापूस ठेवत नाहीत.

कापूस कुठे जाणार?

पाहणी करताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, आणि भाऊ थोडे बिचकले. रंगवाल्या बाईने कापसाचं कशाला विचारावं?

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की कापूस घरात येऊ लागतो. बहुतेक शेतकऱ्यांकडे गोदाम नसतं. टिनाच्या शेडात अवकाळी पावसाची आणि चोरीची भीती. मग समोरची खोली. भाव वाढेल म्हणून तो महिनोन्‌महिने तिथेच राहतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता; पण २०२२ च्या सुरुवातीला बाजारात दहा हजारांच्या वर गेलेला भाव लोक विसरलेले नाहीत, त्यामुळे पहिल्या भावाला विकायला मन होत नाही. म्हणजे जानेवारीत साक्षगंधाच्या दिवशी बैठकीचा तिसरा हिस्सा कापसाने भरलेला असणार, हे धरूनच चालायला हवं होतं.

कापसाची जागा ठरलेली होती, उत्तरेच्या भिंतीला लागून. मरून टेक्स्चरची हीच ती भिंत. टॉर्च आडवी धरून पाहिलं तर टेक्स्चरच्या प्रत्येक खाचेत गेल्या हंगामाचे तंतू, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा चुरा आणि धूळ बसलेली. ओल्या फडक्याने पुसलं तर तंतू आणखी आत रुतायचे. वहिनींनी ब्रश, झाडू, अगदी कूलरची जुनी ताटी घासूनही पाहिली होती. भिंतीवर खरबरीत टेक्स्चर शोभत असेल तिथे शोभो, कापसाच्या घरात तो नको, हे मी आता छातीठोकपणे सांगते.

दुसरी न हलणारी वस्तू कूलर. होळी झाली की तो खिडकीत बसतो आणि मृग लागेपर्यंत हलत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणं नवलाचं नाही. दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर सुरू करून माणसं आत बसतात. मग त्या खोलीत दिवसाचा उजेड येतो कुठून? येतच नाही. वर्षातले तीन-चार महिने ही बैठक भर दुपारी ट्यूबलाइटवर चालते. रंगाच्या दुकानात, उन्हात उभं राहून शेड कार्डावरून निवडलेला रंग इथे वेगळा दिसणार, यात आश्चर्य ते काय!

शेड कार्डाच्या मागे बऱ्याच कंपन्या एक आकडा छापतात, रंग किती उजेड परत फेकतो याचा. पूर्ण काळ्याला शून्य, पूर्ण पांढऱ्याला शंभर धरून केलेलं हे मोजमाप. चांगल्या पांढऱ्याचा आकडा ऐंशीच्या पुढे जातो, गडद मरून दहाच्या आत अडकतो. दार बंद असलेल्या खोलीत अख्खी भिंत मरून म्हणजे त्या बाजूला पडलेला बहुतेक उजेड भिंतीनेच गिळला. रंग निवडताना त्याचं नाव ऐकू नका, हा आकडा बघा, एवढं मी प्रत्येक घरी सांगते. दुकानदार नाव सांगतात, कारण नावावर रंग खपतो.

क्रीम बिघडला कसा

तक्रारीचा दुसरा भाग पेंटरवर होता. "क्रीम सांगितला, यानं हिरवट मारला." पेंटर गावातलाच, बिचारा हात जोडून उभा. "मी काय करू जी, यायनं क्रीम म्हनलं, मी क्रीमच मारला. डबा दाखवू का?"

डब्याची गरज नव्हती. वहिनींकडून एक पांढरी चादर घेतली आणि मरून भिंतीवर वरपासून खालपर्यंत धरायला लावली. एका टोकाला पेंटर, दुसऱ्या टोकाला मुलगी. निळी पट्टी बंद केली. शेजारची क्रीम भिंत बघता बघता निवळली. हिरवट झाक गेली, साधा दुधाळ पिवळा उरला. चादर खाली घेतली की पुन्हा हिरवट. आजींनी हा खेळ पुन्हा करायला लावला आणि मग पेंटरसाठी चहा टाकायला सांगितलं.

हे कोडं जुनं आहे. शेवरल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. भिंतीवर टांगायची मोठी विणकामं तिथे होत. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, त्यात खोट निघाली नाही. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात, त्यांच्या सोबतीमुळे डोळ्याला काळा कमजोर भासत होता. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर छापला. लालसर मरूनच्या विरुद्ध बाजूला हिरवा येतो. म्हणून त्याच्या शेजारचा फिका क्रीम हिरवट दिसतो. आमच्या पेंटरवर आलेला आळ तोच, फक्त गाव बदललं.

वर दिवे ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे. स्वस्त एलईडीत लाल किरणांचा भाग कमी असतो, त्यामुळे लाल, गेरू, तपकिरी हे रंग त्यात मळकट दिसतात. म्हणजे रंगाच्या डब्याला हात लावायच्या आधी दिवे बदलायचे. निळी पट्टी कायमची बंद झाली. मुलाने फोनवर थोडी कुरकुर केली. जुन्या ट्यूबच्या जागी ४००० केल्विनच्या ट्यूब आल्या, आणि एका कोपऱ्यासाठी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा. हा सगळा खर्च दोन हजारांच्या आतबाहेर. पूर्ण कामात एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

कोठ्यातला नंदी

बैठकीला एक मुख्य वस्तू हवी होती, जिच्यावर नजर थांबेल आणि बाकीचं सगळं जिच्यासाठी मागे सरेल. वहिनींच्या मनात टीव्हीच्या भिंतीवर थ्रीडी वॉलपेपर होता. मुलाच्या मनात झुंबर. मी कोठा बघायला मागितला. गुरांचा कोठा, जिथे जुन्या घराचं सामान टाकलेलं असतं.

पोत्यांखाली एक लाकडी नंदी निघाला. सागवानी, कमरेइतका उंच, चार लाकडी चाकांवर. भाऊंच्या आजोबांनी सुताराकडून घडवून घेतलेला. पूर्व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल सजवून, ओढत मिरवतात. नागपूरकर भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगितलं जातं. वर्धा जिल्ह्यातच सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठमोठ्या नंद्यांसाठी ओळखला जातो. या घरचा नंदी मुलगा मोठा झाल्यापासून निघालाच नव्हता.

त्याच्या अंगावर चंदेरी ऑइल पेंट होता, मधेमधे फुगलेला. शिंगाच्या बुडाशी एक टवका उडाला होता, नखाएवढा. तिथे खालचे थर एकावर एक दिसत होते: चंदेरी, मग गुलाबी, मग पोपटी, मग दाट गेरूसारखा लाल, आणि शेवटी लाकूड. घरातल्या प्रत्येक पिढीने आपापल्या पोळ्याला एक थर चढवलेला. सगळ्यात खालचा लाल बघून आजी म्हणाल्या, "जुन्या घराच्या भितीले खाली असाच पट्टा राहे."

बैठकीचा रंग तिथेच ठरला. त्या टवक्याशी शेड कार्ड लावून सर्वांत जवळचा नंबर घेतला.

सुतार लगेच सँडिंग मशीन घेऊन आला होता, सगळे थर उडवून लाकूड मोकळं करायला. मी ते होऊ दिलं नाही, आणि हा मुद्दा जुन्या वस्तूंच्या हौशी लोकांनी नीट ऐकावा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) इतकी खाली आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा थर कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर उडते, लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून नंदी अंगणापलीकडे नेला, नाकाला फडकं बांधून फक्त सुटलेले पापुद्रे ओले करून काढले, ते कागदात गोळा करून बांधले, कोंबड्या फिरतात तिथे पडू दिले नाहीत. बाकी थर आहेत तसे ठेवून वर नवा रंग दिला. अंग खडूसारखं पांढरं, पाठीवरची झूल गेरू-लाल. शिंगांच्या पितळी शेंब्या चिंचेने घासल्या. लाकडाचा नैसर्गिक पोत दाखवायची फॅशन आहे खरी, पण हा नंदी रंगवलेलाच असतो. त्याला उघडं करणं आजींना मुळीच रुचलं नसतं.

जागेवरून मात्र अडलं. मी तो दाराजवळ, दक्षिणेच्या भिंतीला लावून उभा केला होता. आजी आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नंदी देव हाय माय, तो काई शोसाठी नाई. त्याचं तोंड देवाकडं पाह्यजे." देवघर पश्चिम टोकाला. तोंड तिकडे वळवलं तर दारातून येणाऱ्याला आधी शेपूट दिसायला लागलं. मुलगी हसून लोटपोट. शेवटी तो पश्चिमेच्या भिंतीला, खिडकी आणि दक्षिण कोपरा यांच्या मधल्या जागेत नेला. तोंड दक्षिणेला, देवघराच्या दाराकडे. आता पूर्वेच्या दारातून आत येणाऱ्याला नंदी बरोबर आडवा दिसतो: वशिंड, झूल, शिंगांचा बाक, सगळं एका नजरेत. आजींच्या अटीमुळे मिळालेली ही जागा माझ्या पहिल्या जागेपेक्षा कितीतरी सरस होती. तिथे चप्पल जाणार नाही, त्याच्या पाठीवर कुणी टॉवेल टाकणार नाही आणि तान्ह्या पोळ्याला तो बाहेर निघेल, या अटींवर आजींची संमती मिळाली. म्हणून तो जमिनीत ठोकलेला नाही. सागवानी पाटावर चाकांसकट उभा आहे.

भिंती, खोळी, तट्टे

बाकीचं काम नंदीच्या मागे मागे गेलं.

टेक्स्चर घासून, पुट्टी भरून उत्तरेची भिंत सपाट केली. हे सगळ्यात कष्टाचं काम, आणि पेंटरची खरी मजुरी इथेच गेली. मग चारही भिंतींना खाली साडेतीन फूट गेरू-लाल ऑइल पेंट, पुसता येणारा, चकाकी कमी असलेला. वर ऊबदार पांढरा इमल्शन, परतीच्या उजेडाचा आकडा ऐंशीच्या जवळचा. साडेतीन फूटच का? सोफ्याची पाठ आणि सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं त्याच्या आत येतं, तेलाचे डाग तिथेच लागतात. पट्टा अर्ध्या भिंतीपर्यंत नेला असता तर बैठकीचा सरकारी दवाखाना झाला असता. नमुना म्हणून आधी मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून घेतले आणि ते पुठ्ठे वहिनींनी सकाळी, दार लावून दुपारी आणि रात्री दिव्यात वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहिले. पांढऱ्यातले दोन पर्याय तिथेच बाद झाले. एक रात्री गुलाबी पडत होता, दुसरा फरशीशेजारी निळसर.

खिडकीच्या खालचा भाग वेगळा हाताळला. कूलरच्या ओलीने तिथे दर वर्षी पोपडे सुटायचे. तिथली पुट्टी खरवडून, भिंत पूर्ण वाळू देऊन, वर चुन्याचाच हात दिला. चुना ओल अडवून धरत नाही, आणि खराब झाला तर घरचं माणूस पुन्हा मारू शकतं. खुद्द कूलरच्या लोखंडी पेटीला वरच्या भिंतीचाच पांढरा दिला. तो लपत नाही, पण नजर अडवायचं थांबवतो.

नक्षीचं ठरवताना आजींच्या पेटीतलं एक टसरचं पातळ कामी आलं, करवती काठाचं, भंडारा-नागपूरकडच्या विणकरांचं. करवतीच्या दात्यांसारखे टोकदार त्रिकोण काठातून आत शिरतात. काठ आणि अंग यांचे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवून ते विणतात, म्हणून दोन्ही बाजूंनी काठ सारखा स्वच्छ दिसतो. वहिनींना पातळ कापून उशांची कव्हरं करायची होती. टसर असं उन्हातान्हात आणि पाठींखाली घातलं की वर्षभरात उसवतं. ते पेटीतच बरं. आम्ही फक्त काठ घेतला. पेंटरने जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर दाते कापले. पातळावरचा दाता बोटाच्या पेराहून लहान, भिंतीवर तसाच काढला असता तर दारातून दिसलाच नसता. म्हणून दोन इंचांचा केला. नंदीच्या मागच्या भिंतीवर पट्ट्याच्या वरच्या कडेला ही एक ओळ. उरलेल्या तीन भिंतींना नुसती बोटभर रेघ. पेंटरला चारही बाजूंनी दाते फिरवायची फार हौस होती, पण फरशीच्या शिरा, सतरंजीचे पट्टे आणि दाते हे तिन्ही एकाच खोलीत राहायचे होते. नक्षी एकीपेक्षा जास्त असली तरी चालते. त्यांच्यात एखादा रंग सामाईक हवा आणि आकार एकमेकांपासून स्पष्टपणे लहान-मोठे हवेत. सतरंजी म्हणून रुंद पट्ट्यांची, गेरू आणि कच्च्या सुताच्या रंगाची घेतली.

सोफ्याचे हप्ते अजून चालू होते, त्यामुळे तो हलणार नव्हता. त्याला जाड सुती कापडाच्या मातकट खोळी शिवल्या. फुलांचे पडदे मुलीच्या खोलीत गेले, इथे साधे खादीचे आले. टीव्ही माजघरात गेला आणि वहिनी खूश झाल्या, कारण आता पोळ्या लाटताना मालिका दिसते. धबधबा गेला. महाराजांच्या तसबिरी आणि आजोबांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर एका ओळीत, खालच्या कडा सारख्या धरून. शोकेसमधून प्लॅस्टिकची फुलं काढली. ढालींना मी हात लावला नाही. आईसाठी ती शोभेची वस्तू नसते.

झोपायच्या खोलीत वहिनींनी त्यांच्या आवडीचा जांभळा मारून घेतला. माझं मत वेगळं होतं, पण खोली त्यांची आहे.

उरला कापूस. माझा विचार होता की बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून पाच फुटी आडोसा करावा. बैलबंडीला कापूस भरताना बाजूने लावतात तेच तट्टे. एक तट्टा भिंतीकडून, म्हणजे ओल कापसाला आणि तंतू भिंतीला लागणार नाहीत, दुसरा बैठकीकडून. वहिनींना ते "कोठ्यासारखं" वाटत होतं. सेवाग्राम इथून लांब नाही, सगळं घर तिथे जाऊन आलेलं. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावाचं काम केलंय, ताडाची झाडं, चरखा. रंग भिंतीचाच, मातीचा. उजेड तिरका पडला की सावलीने चित्र दिसतं. ते त्यांना आठवत होतं. तट्ट्याची वीण तेच करते, बाजूने दिवा लावला की उठून येते, आणि एकही नवा रंग खोलीत आणत नाही. वहिनी तयार झाल्या.

भाऊ तयार होईनात. कारण ऐकून मी गप्पच बसले. "कापूस काहून झाकाचा मॅडम? चोरून आनला का? सोयरे येतीन त दिसू द्या ना." बरोबर होतं त्यांचं. शेतकऱ्याच्या घरी सोयरिकीला आलेला माणूस भिंतीचा रंग नंतर बघतो, ढीग आधी बघतो. समोरचा तट्टा मग तीन फुटांवर आणला. खाली बांबूची वीण, तिच्या वर पांढरा शुभ्र ढीग, मागे पांढरी भिंत. या खोलीत नजर थांबेल अशा वस्तू दोन झाल्या, एक वर्षभराची आणि एक हंगामाची. आणि दोघींच्या मधे बसायची जागा मोकळी राहिली. एका गोष्टीवर मात्र मी ताणून धरलं: कापसाच्या बाजूला समई, उदबत्ती, मेणबत्ती, दिव्यांची माळ काहीही नाही, आणि वायरिंगचं उघडं बटण त्या भिंतीवरून हलवायचं. बिडी ओढणाऱ्या पाहुण्यांची सोय सपरीत.

खर्च एकोणचाळीस हजारांच्या घरात बसला. निम्म्याहून जास्त मजुरी, त्यातही टेक्स्चर काढण्याची. तो मुळात लावला नसता तर हे काम पंचवीस हजारांत झालं असतं.

नंतर

साक्षगंधाला पन्नासेक माणसं सतरंजीवर बसली. मुलाकडच्या एका वयस्कर मामांनी नंदीला हात लावून नमस्कार केला आणि कापसाकडे बघून "किती क्विंटल असन?" हे विचारलं. फोटोंमध्ये लाल पट्टा, पांढरी भिंत आणि मुलीची हिरवी साडी स्वच्छ उठून दिसते. आधीच्या मरून भिंतीपुढे तीच साडी डोळ्यांत खुपली असती.

मे महिन्यात मी पुन्हा गेले, मुद्दाम दुपारी. दार बंद, कूलर सुरू, कापूस विकून झालेला, उत्तरेची भिंत मोकळी. चार हजार केल्विनच्या दोन ट्यूबपैकी एक गेली होती आणि तिच्या जागी दुकानात मिळाली ती पुन्हा निळसर पांढरी आली होती, त्यामुळे त्या बाजूचा गेरू थोडा मेलेला दिसत होता. तेवढी बदलायला सांगितली. सोफ्याच्या पाठीमागे पट्ट्यावर घासल्याच्या रेघा होत्या. ओल्या फडक्याने निघाल्या. चुन्याचा भाग कूलरखाली ओला होऊन डागाळला होता, पण फुगला नव्हता. भाऊ खाली सतरंजीवर आडवे झाले होते. सपरीत कुणी नव्हतं. अर्थात मेच्या दुपारी सपरीत बसणार तरी कोण, त्यामुळे त्याचं श्रेय मी घेत नाही. पावसाळ्यातल्या संध्याकाळी हे लोक कुठे बसतात ते बघायला हवं.

शेजारच्या घरून मात्र लगेच मागणी आली: "तोच लाल नंबर द्या, आमच्याकडंही मारतो." नंबर दिला, पण आधी त्यांची बैठक बघून घेतली. फरशी हिरवट कोटा दगडाची, खिडकी उत्तरेला, घरात कापूस येत नाही, संत्र्याची बाग आहे. हिरव्या कोटा दगडाशेजारी तो गेरू जास्तच पेटून उठेल, खोली लहान वाटेल. त्यांना मी पट्ट्यासाठी फिका मातकट पिवळा सुचवला आहे आणि दोन पुठ्ठे रंगवून दिलेत. त्यांच्याकडे नंदी नाही. कोठ्यात दमणीचं, म्हणजे छोट्या बैलगाडीचं, एक जुनं चाक आहे, आरे शाबूत असलेलं. ते भिंतीवर टांगायचं की जमिनीवर टेकवायचं, यावर त्या घरात सध्या वाद चालू आहे.